हिरवं बटण

फुलंब्रीजवळच्या गावात रेंज इतकी कमी, की व्हिडिओ चालतच नसे. म्हणून अपेक्षानं वडिलांच्या, अण्णांच्या लॅपटॉपवर स्वतः एक छोटं एक्स्टेन्शन बनवून दिलं. शेतीचा एखादा व्हिडिओ हवासा दिसला की अण्णांनी हिरवं बटण दाबायचं, की लिंक संभाजीनगरला तिच्या यादीत यायची. ती सगळे व्हिडिओ डाउनलोड करून दर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन गावी जायची.

अण्णांचं तेरावं झालं. त्यानंतरचे तीन रविवार ती गेलीच नाही.

चौथ्या सोमवारी ऑफिसात बसलेली असताना यादीत एक लिंक आली. आल्याच्या पिकावरच्या कंदकुज रोगाचा व्हिडिओ. मंगळवारी दुसरी आली, बुधवारी तिसरी. रोज दुपारी चारला, अण्णांच्या चहाच्या वेळेला. घरात आई एकटी, आणि ती तर लॅपटॉपला हात लावायलाही घाबरायची.

गुरुवारी चार वाजायच्या आत तिनं फोन लावला. "आई, अण्णांचा लॅपटॉप कोण लावतंय?"

"मीच लावते. तुझे अण्णाच शिकवून गेले. म्हणले, व्हिडिओ काय मी बघत नाय, पण यादी रिकामी राहिली की पोरगी येत नाय."