पळसाचं माप

"आत्याबाई, तुमाले दम लागत असंन तं उद्यापासून फिरनं बंद," माही सून वच्छला म्हणाली. आन् खात्री कराले आज माह्यासंगंच निघाली. फागुनातलं शिवार पाह्यल्याबिगर माहा दिवस जात नाही, म्हणून मी गुमान चालली. हातात नेहमीची विणकामाची पिशवी होती.

पह्यल्या पळसापाशीच छातीचा भाता झाला. मी बुडाशी टेकली आन् सुया काढल्या.

"काऊन बसल्या?"

"पानं गळाले ना वं त्याचे. थंडी वाजते म्हणते, स्वेटर मांगून राह्यला. माप घेते."

माप घेता घेता दोन ओळी विणल्या, तवा कुठं श्वास जाग्यावर आला. पुढं मोहानंही स्वेटर मांगतलं, सालईनंही. वच्छला दर खेपेले संगं थांबे.

मंग वावराचा बांध, निस्ता उघडा धुरा लागला. पुढचा पळस लय दूर होता. पाय उचलेनात, आन् थाप माराले जवळ एक झाड नाही.

वच्छला थांबली. दूरच्या पळसाकडं कान देऊन उभी राह्यली. मंग पदरानं धुऱ्यावरची माती झटकली.

"बसा आत्याबाई. थो म्हणते, म्हातारीले काऊन चालवता, मीच येतो माप द्याले."