पाचवी पाटी

वसईतल्या रोलर स्केटिंगच्या स्पर्धेला पाचवे परीक्षक आलेच नाहीत, म्हणून आयोजकांनी गणिताच्या गुरुदत्त सरांना खुर्चीवर बसवलं. त्यांची मुलगी रेवा गाण्याच्या तालावर आली, एका पायावर तीन गिरक्या घेतल्या आणि उडी मारून अलगद उतरली. चौघा परीक्षकांनी आठ-नऊच्या पाट्या वर केल्या. सरांच्या पाटीवर चार.

गळ्यात रौप्यपदक होतं, तरी घरी परतताना गोखिवऱ्याजवळ रेवाने स्कूटरवर मागून विचारलं,

“इतकं वाईट केलं का मी, बाबा?”

“छे गं! सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण उडवून उरलेल्यांची सरासरी काढतात ना? बापाने झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मुद्दाम चार दिले. उडाले. मी मोकळा!”

रेवाने बोटांवर हिशेब केला.

“मग दहा दिले असतेत, तरी उडालेच असते की! आणि खालून माझा आठ उडाला असता, वरचा नऊ राहिला असता.”

सरांनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली.

“आईला सांगू नकोस,” ते म्हणाले. “आणि शाळेत तर मुळीच नको. उद्या नववीला सरासरी शिकवायची आहे.”