बाबांचा गलका

आमच्या दवाखान्यात कान तपासताना हेडफोनमध्ये माणसांचा गलका लावतात. त्या गलक्यात ऐकू येणारं वाक्य पेशंटनं म्हणून दाखवायचं. तो गलका आमच्या घरचा आहे.

बाबाही कानच तपासायचे. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी आई, काका, आत्या, सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, एकाच वेळी बोलायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. मला मात्र दाराबाहेर काढलं. म्हणाले, "टिटवे, तुझा आवाज गर्दीत लपायचा नाही." मी दाराला कान लावून आतली धमाल ऐकत राहिले.

आता त्यांच्यातलं कुणीच उरलेलं नाही. पेशंट नसले की मी उगाच तो गलका लावून बसते. आत्याचं खिदळणं आलं की बरं वाटतं.

आज काचेपलीकडे एक निवृत्त पोस्टमन बसले होते.

"दुकान लवकर बंद झालं," ते म्हणाले. बरोबर. "पाणी अजून गरम आहे." हेही बरोबर. मी गलका आणखी वाढवला.

"पोरीला किती वेळ बाहेर उभं ठेवायचं?"

असं वाक्य तपासणीत नाहीच.

"आजोबा, पुन्हा सांगता?"

त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं. "टिटवे, ये आता आत."

मी घाईघाईनं माझा हेडफोन कानाला लावला. आत सगळे एकदम गप्प झाले, दारात कुणी आलं की होतात तसे.

मग कुणीतरी एक खुर्ची ओढली.