न्यू फोल्डर

"काल संध्याकाळपर्यंत इथेच होतं गं," बाबा स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाले. झाडांची गावाकडची नावं, त्यांचे उपयोग. एका बोटाने टाइप केलेलं, 'न्यू फोल्डर'मध्ये ठेवलेलं दोन वर्षांचं काम.

शलाकाने रिसायकल बिनमध्ये पाहिलं. तिथे काही नसणार, हे तिला ठाऊक होतं. घरातले दोन्ही संगणक तिनेच जोडले होते, आणि आज सकाळी आपल्या लॅपटॉपवरून बाबांच्या ड्राइव्हची साफसफाईही केली होती. 'न्यू फोल्डर' नावाचं सगळं न उघडताच पुसलं होतं. नेटवर्कवरून पुसलेलं बिनमध्ये न जाता कायमचं जातं.

"मीच काहीतरी दाबलं असणार," बाबा पुटपुटले. "परवा गॅसही चालू राहिला."

"सोमवारी डॉक्टरांना दाखवू या," आई हळूच म्हणाली. बाबांनी चष्मा काढला आणि मान डोलावली.

शलाकाला ते बघवेना. "बाबा, तुम्ही नाही. मी पुसलं, माझ्या लॅपटॉपवरून."

ती बोलणी खायला तयार होती. बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. "नक्की तूच?"

"हो."

"म्हणजे डोकं शाबूत आहे माझं," म्हणत त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस. आता तू टाइप कर. पहिलं झाड अंजन."