बुटकी गाडी

युसूफ वडगावच्या पलीकडं एक गाव आहे. तिथले सरपंच अमरसिंह यांना जुनी पण चांगल्या स्थितीतली जपानी स्पोर्ट्स कार हवी होती. अंबाजोगाईच्या चन्नप्पाशेठकडं ती सापडली. रंग शाबूत, अंगावर ओरखडा नाही, इंजिन पहिल्या चावीला सुरू.

"इतकी जपलेली गाडी इकायलाव कावून, शेठ?"

"लई बुटकी हाय, सरपंच. आमच्या गल्लीत एक पुढारी राहायला आले आन् त्यांनी दारासमोर स्पीडब्रेकर टाकून घेतला. गाडीचं बूड घासतंय."

"आमच्या गावात असला पुढारी न्हाई," अमरसिंह म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले.

घर दिसायला लागलं तशी गाडी थांबली. दारावरून जाताना प्रत्येकानं गाडी हळू करून आपल्याला रामराम घालावा, म्हणून निवडून आल्या आल्या त्यांनीच घराच्या दोन्ही बाजूंना दांडगे स्पीडब्रेकर टाकून घेतले होते.

"फोडून टाका की," बायको सत्यशीला म्हणाली.

"आन् मग लोक थांबतील कावून?"

ते काही फोडले नाहीत. स्पीडब्रेकरच्या अलीकडं गाडी मावेल असं पत्र्याचं शेड एकाच्याच दारात होतं. निवडणुकीत त्यांनी पाडलेल्या गहिनीनाथच्या.



आता रोज सकाळी गाडी काढायच्या आधी सरपंच चालत त्याच्या दारात जातात आणि रामराम घालतात.