वळणावरचा रामराम

शंभूनं तिसऱ्या वळणावर हँडलवरचा उजवा हात सोडला आणि बहिरूतात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. वळणावर झेंडा धरून शंभूचा मामा उभा होता. मामाला रामराम झाला. तेवढ्यात तीन गाड्या माती उडवत पुढं गेल्या.

कासारसाईच्या माळावरची ती हंगामातली पहिली मोटारसायकल शर्यत. माले गावाची टीम, म्हणजे तात्यांची, पाचवी आली.

"आरं, अ‍ॅक्सिलेटर उजव्या हातात असतोय ना?" तात्या शंभूवर उखडले. "रामराम करायचाच तर डाव्यानं कर की!"

"डाव्या हातानं मामाला रामराम? तात्या, तुमी तरी असं बोलू नका."

गाडी चालवावी तर शंभूनंच. पण मुळशीत त्याचे पाहुणे नाहीत असं एक गाव नाही, आणि वळणावर झेंडे धरायला गावचीच माणसं. चार वळणं, चार रामराम.

तात्यांचा जीव टांगणीला लागला होता तो साळूबाईंमुळं. म्हशी बाहेर मांडवाखाली बांधून तात्यांनी गोठ्यात टीमचं गॅरेज थाटलं होतं. साळूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "औंदा शर्यतीची ढाल घरात आली न्हाई, तर गाडी भंगारात आन् म्हशी गोठ्यात." तीस वर्षांच्या संसारात बायकोचा शब्द फिरलेला तात्यांनी कधी पाहिला नव्हता.

तात्यांनी मन घट्ट केलं आणि शंभूला टीममधून काढलं. त्याच्या जागी आला ऋषिकेश. मूळचा नांदेडचा, नोकरीला हिंजवडीत, रविवारी शर्यती मारणारा. मुळशीत त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. तात्यांना तर हाच गुण मोठा वाटला.

दुसरी शर्यत कासार आंबोलीला. वळणावर माणसं उभी की खांब, ऋषिकेशला सगळं सारखंच. पहिला आला. तिसरीतही पहिला. कासारसाईच्या टीमचा मालक सुधीर हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहिला. दोन्ही टीमचे गुण सारखे झाले. आता दोन महिन्यांनी शेवटची शर्यत मालेच्याच माळावर, आणि जिंकेल त्याची ढाल. साळूबाईंनी ढालीसाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून घेतला.

पण एका रविवारी पुण्याच्या कुठल्याशा टीमची माणसं तात्यांना ऋषिकेशशी बोलताना दिसली. हे पाखरू उडालं तर संपलंच की सगळं!

नेमका तेव्हाच शंभू तात्यांच्या घरी आला. काढल्यापासून तो रुसून कासारसाईला मामाच्या शेतावर राहत होता.

"झालं गेलं सोडा, तात्या. गडी धरून ठेवायचाय ना? मग गावचा जावई करा की त्याला. आमची रेश्मा हाय. आंबोलीच्या शर्यतीपासनं दोघांचं फोनवर चालूच हाय. मी काय आंधळा हाय व्हय?"

तात्यांना भरून आलं. ज्यानं आपली जागा घेतली त्यालाच बहीण द्यायला निघालेला हा देवमाणूस!

"शंभू, मी तुला वळखलंच न्हाई रं," ते म्हणाले.

शर्यतीच्या पंधरा दिवस आधी लग्न उरकलं. कानपिळीला शंभूनं दाजींचा कान असा काही पिळला की ऋषिकेशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दाजी, आता तुमी हितलं झाला. सासरचं माणूस दिसलं, की हात वर करून रामराम घालायचा. न्हाईतर लोक म्हणत्यात, जावई माजला. काय, तात्या?"

सगळा मांडव तात्यांकडं बघायला लागला. चार माणसांत तात्या नाही कसं म्हणणार?

"व्हय तर! मान म्हंजे मान!"

"चुकणार नाही," ऋषिकेश म्हणाला. पोरगा शब्दाचा पक्का होता.

शर्यतीच्या दिवशी अख्खं गाव माळावर लोटलं. कासारसाईवाल्यांनीही आपला गडी बदलला होता. सतरा नंबर, काळं हेल्मेट. सुधीर त्याला गाडीपासून हलूच देत नव्हता.

"नवा दिसतोय," तात्या साळूबाईंना म्हणाले. "गांगरंल हितं."

झेंडा पडला. ऋषिकेश सुटला तो सुसाट. पहिल्या वळणावर सासरा उभा होता, नथू, शंभूचा बाप. ऋषिकेशचा उजवा हात वर गेला. गाडीचा आवाज पडला. सतरा नंबर शेजारून निघून गेला. नथूकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"आरं नको! नको रं बाबा!" तात्या ओरडले. पण हेल्मेटात कुणाला काय ऐकू येणार!

दुसऱ्या वळणावर चुलतसासरा. तिसऱ्यावर रेश्माची आत्या भिमाबाई. तिथं उतरून पाया पडावं की काय, या विचारात ऋषिकेश जवळजवळ थांबलाच. चौथ्यावर दस्तुरखुद्द रेश्मा. तिथं तर त्यानं दोन्ही हात सोडले, आणि गाडी गवतात गेली. उठला, गाडी उचलली, आणि पुढच्या फेरीत पुन्हा सासऱ्यापासून सुरुवात.

सतरा नंबरनं मात्र पाचही फेऱ्यांत एका माणसाला ओळख दाखवली नाही.

"काय उर्मट मेला!" भिमाबाई म्हणाल्या.

उर्मट मेला पहिला आला. कासारसाईवाल्यांनी हलगी कडाडवली. साळूबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हशी सोडायला घराकडं निघाल्या.

तात्या मटकन बांधावर बसले. सतरा नंबरनं गाडी थेट त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली. इंजिन बंद केलं. काळं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि उजवा हात वर केला.

"रामराम, तात्या," शंभू म्हणाला. "मगाशी गडबडीत ऱ्हायला."