पाण्यातले देव

"देव कुठे गेले?" मोरेश्वरांनी अडखळत विचारलं. अर्धांगाचा झटका आल्याला दीड महिना झाला होता आणि दवाखान्यातून ते आजच घरी आले होते. उजवा हात अजून लुळाच होता. समोर देव्हारा रिकामा होता.

शरयूने खाली ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळाकडे बोट दाखवलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे पाण्यात तळाशी होते. "तुम्हाला दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी ठेवले. तुम्ही पहिल्यासारखे होईपर्यंत काढणार नाही, असं बजावलंय त्यांना. बसू देत!"

मोरेश्वरांनी डावा हात घंगाळात घातला आणि ते चमकले.

"पाणी कोमट कसं?"

शरयू ओशाळली. "थंडी किती पडलीय! रोज सकाळी दवाखान्यातून घरी येऊन बदलते मी."

ते हसले. अर्ध्याच तोंडाने, पण दीड महिन्यात पहिल्यांदाच. "तिकडे मी आत खाटेवर, तू बाहेर बाकावर आणि हे इथे पाण्यात. आपल्याला सोडून कुठे गेले नाहीत गं ते. काढ त्यांना."

"पण तुम्ही अजून..."

"होईन हळूहळू. त्यांना कशाला भिजवतेस?"

शरयूने एकेक देव काढून पदराने पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, निरांजन लावलं. मग घंगाळ जवळ ओढून तिने नवऱ्याचा लुळा हात त्या पाण्यात सोडला आणि एकेक बोट चोळू लागली.

पाणी अजून कोमट होतं.